सातव्या दिवसाचा कोरा रकाना

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, आरोग्य सचिव आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील सर्व अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय: बाळंतिणीचा पक्षाघात टाळण्यासाठी बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत आईचा रक्तदाब मोजणे व तिच्या डोकेदुखीची दखल घेणे.

स. न. वि. वि.

मी निवृत्त आरोग्यसेविका. मराठवाड्यातल्या दोन उपकेंद्रांवर मिळून 31 वर्षं काढली. माझ्या हातावर जन्मलेल्या मुली स्वतःची लेकरं घेऊन लसीकरणाला यायला लागल्या, तेव्हा निवृत्त झाले. या विभागाचं मीठ खाल्लं आहे, त्याला जागून लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. वय 24. नऊ महिन्यांत बीपी कधी 120 च्या वर गेलं नाही, पायाला सूज नाही, लघवीत प्रथिनं नाहीत. बाळ आडवं होतं म्हणून सिझर झालं. पाचव्या दिवशी सकाळी घरी सोडलं आणि त्याच संध्याकाळी पाचवी पुजली. सटवाईपुढे कोरा कागद नि पेन ठेवलं, बाळाच्या कपाळी चांगलं लिही म्हणून हात जोडले. आम्ही सगळे बाळाभोवती होतो.

सातव्या दिवसापासून तिचं डोकं दुखायला लागलं. दवाखान्यात फोन केला तर तिकडून सांगितलं की मणक्यात भुलीचं इंजेक्शन दिलंय, आठ-दहा दिवस दुखतंच. घरातल्यांना पटलं. रात्रीचं जागरण, अंगावर पाजणं, डोकं दुखणारच. पण आडवं झालं की दुखणं वाढायचं, म्हणून ती रात्रभर भिंतीला टेकून बसायची. आजीने थंड वारं लागू नये म्हणून कानाला फडकं आणखी घट्ट बांधलं. पाणी मोजून दिलं जात होतं, कारण जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं. खोलीत शेगडी, धुरी आणि बाहेर मे महिन्याचं ऊन.

आठव्या दिवशी मी फोन केला. ती म्हणाली, "मावशी, डोकं लई दुखतंय गं." मी म्हणाले, "झोप होत नाही ना, होईल कमी. बाळ शी-शू करतंय ना नीट? कावीळ नाही ना दिसत?" बाळाचं वजन विचारलं, दूध पुरतंय का विचारलं, बेंबी कोरडी आहे का विचारलं आणि फोन ठेवला. एकतीस वर्षं हेच काम केलेली बाई मी. तिच्या डोक्याबद्दल दुसरा प्रश्न माझ्या तोंडातून निघाला नाही.

दहाव्या दिवशी सकाळी न्हाणीत तेल लावणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं की तिच्या उजव्या हातातून तांब्या सुटतोय. एकदा सुटला, दोनदा सुटला. तिसऱ्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती आणि शब्द भलतेच येत होते. मग झटका आला. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, अंगारा लावा. त्यात तीन तास गेले. पहिल्या दवाखान्याने झटक्याचं इंजेक्शन देऊन पुढे पाठवलं. दुसरीकडे साधा सीटी स्कॅन झाला, त्यात विशेष काही नाही म्हणाले, बाळंतिणीला अशक्तपणा येतो, मनाचंही असू शकतं म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी, शहरात, एका डॉक्टरांनी मेंदूच्या शिरांचा एमआर व्हेनोग्राम करायला लावला आणि तिथे रक्ताची गाठ दिसली. मेंदूतून रक्त परत नेणारी मोठी शीर तुंबली होती. तांब्या सुटल्यापासून तिथवर 31 तास झाले होते.

आमच्याकडे याला अंगावरून वारं जाणं म्हणतात. म्हाताऱ्या माणसाचं तोंड वाकडं झालं की लोक लगेच ओळखतात, गाडी करतात. चोवीस वर्षांच्या बाळंतिणीला लकवा मारू शकतो हे कुणाच्या मनातच येत नाही. घरच्यांच्या नाही आणि खरं सांगायचं तर आमच्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांच्याही नाही.

नंतर मी त्या डॉक्टरांकडे वहीच घेऊन बसले. जे समजलं ते असं. बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून शेवटच्या महिन्यांत बाईचं रक्त आपोआप जास्त गोठणारं होतं. निसर्गाचीच सोय आहे ती. पण वार पडली की दुसऱ्या दिवशी रक्त पहिल्यासारखं होत नाही, त्याला आठवडे लागतात. त्यात सिझर, अंथरुणात पडून राहणं, रक्त कमी, अंगात पाणी कमी, एखादा जंतुसंसर्ग अशी भर पडली की मेंदूच्या शिरेत गाठ धरते. कॅलिफोर्नियात 16 लाखांहून अधिक पहिलटकरणींच्या नोंदी तपासून 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गाठीमुळे होणाऱ्या आजारांचा, म्हणजे पक्षाघात, हृदयविकार, पायातल्या गाठी या सगळ्यांचा मिळून, धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत एरवीच्या सुमारे दहापट आढळला आणि बारा आठवड्यांपर्यंत तो थोडा तरी जास्त राहिला. आपला सव्वा महिना संपतो, बाई सासरी जाते, कामाला लागते, आणि रक्त अजून पूर्वपदावर आलेलं नसतं.

जगभरातले अभ्यास एकत्र केले तर एक लाख गरोदरपणांमागे साधारण तीस बायकांना पक्षाघात होतो. ऐकायला तीस म्हणजे काहीच नाही. आपल्या राज्यात वर्षाला अठरा-एकोणीस लाख बाळंतपणं धरली तर तोच हिशोब पाचशेच्या वर जातो. यातला मोठा वाटा बाळंतपणाच्या आसपास आणि नंतरच्या दिवसांतला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 54 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. आपल्या बायका हा धोका मुळातच जास्त घेऊन बाळंतपणाला जातात.

माझ्या भाचीचं बीपी वाढलेलं नव्हतं. तरी या पत्राच्या विषयात मी बीपी आधी लिहिलं, कारण दुसऱ्या प्रकारचा पक्षाघात मी नोकरीत पाहिला आणि तो टाळता येण्यासारखा होता.

वस्तीवरची मुलगी. दुसरं बाळंतपण, प्राथमिक आरोग्य केंद्रात, सुखरूप. तिसऱ्या दिवशी घरी जाताना बीपी 150 वर 100. "जरा वाढलंय, आराम करा, मीठ कमी खा" एवढं सांगून सोडलं. सोडणाऱ्यांत मीही होते. पाचव्या रात्री डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उलटी झाली आणि ती बोलायची थांबली. जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. माता मृत्यू अन्वेषणाच्या बैठकीत मी बसले होते. गरोदरपणात तपासण्या किती झाल्या? चार, वेळेवर. लोहाच्या गोळ्या दिल्या? हो. धनुर्वाताची लस? हो. बाळंतपण संस्थेत? हो. सगळे रकाने भरलेले. तिसऱ्या दिवसानंतर तिचं बीपी कुणी पाहिलं, हा प्रश्न त्या टेबलावर निघाला नाही.

बाळंतपणानंतर बीपी उतरतं अशी आपली समजूत आहे. पहिल्या दोन दिवसांत उतरतंही. मग ते चढायला लागतं आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर जातं. घरी सोडण्याचे, पाचवीचे, पाहुण्यांचे दिवस नेमके तेच. गरोदरपणात एकदाही बीपी न वाढलेल्या बाईचंही या दिवसांत पहिल्यांदाच वाढू शकतं. 160 वर 110 ही रेघ ओलांडली की तास-अर्ध्या तासात औषध देऊन ते खाली आणायचं असतं. त्या बीपीवर मेंदूतली रक्तवाहिनी कधी फुटेल सांगता येत नाही. औषधं महाग नाहीत, लॅबेटालॉल आणि निफेडिपीन. झटक्यांसाठी मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. मॅगसल्फने झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो हे 2002 साली दहा हजारांवर बायकांच्या चाचणीत सिद्ध झालं आहे आणि पुढे पाठवण्याआधी पहिला डोस द्यायला आरोग्यसेविकेलाही परवानगी आहे. पण कित्येक सिस्टर तो डोस हातात घेऊन थांबतात. चुकलं तर मलाच जबाबदार धरतील ही भीती मला चांगली ठाऊक आहे. मीही थांबले आहे. ही भीती कागदी परिपत्रकाने जात नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याने शेजारी उभं राहून दोन-तीनदा द्यायला लावलं की जाते.

गरोदरपणाकडे आपण किती लक्ष देतो पाहा. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. राज्यातली 94 टक्क्यांहून अधिक बाळंतपणं दवाखान्यात होतात. 2018-20 च्या पाहणीत आपलं माता मृत्यूचं प्रमाण लाखामागे 33 होतं, देशाचं 97. यासाठी आमच्या पिढीने पायपीट केली आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण या 33 मध्ये बाळंतपणानंतर 42 दिवसांच्या आत दगावलेलीच बाई येते. पन्नासाव्या दिवशी गेलेली येत नाही. आणि माझ्या भाचीसारखी, जगली पण उजवा हात नि निम्मी भाषा गमावून बसलेली, ती तर कुठल्याच आकड्यात येत नाही. तिची नोंद करायला रजिस्टरच नाही. माझी पहिली मागणी हीच आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बारा आठवड्यांत पक्षाघात झालेल्या प्रत्येक बाईची, ती जगलेली असली तरी, जिल्हा पातळीवर नोंद आणि चौकशी व्हावी. कोणत्या दिवशी डोकं दुखायला लागलं, कुणाला सांगितलं, किती ठिकाणी फिरली, स्कॅन कितव्या तासाला झाला, एवढं जरी लिहिलं गेलं तरी पुढचा रस्ता सापडेल.

दुसरी मागणी आशाताईंबद्दल. घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायची पद्धत याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली. 39 गावांत बालमृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले, आणि 2011 पासून तीच पद्धत देशभर आली. आज दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते. त्याच दाराने, त्याच दिवशी आईचं बीपी मोजता येतं. पिशवीत वजनकाटा आहे, थर्मामीटर आहे. दंडाला पट्टा बांधायचं बॅटरीवरचं बीपी मशीन त्यात बसतं. निदान करायची जबाबदारी आशावर टाकू नका. तिने आकडा लिहायचा. 140 वर 90 किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी सिस्टरला फोन, आणि 160 वर 110 असेल तर कुणालाही न विचारता 108. ज्यांचं गरोदरपणात बीपी वाढलं होतं त्यांच्याकडे पाचव्या दिवशी एक जास्तीची फेरी. आणि हे काम फुकटात लादू नका. बाळाच्या सगळ्या फेऱ्यांचे मिळून तिला 250 रुपये मिळतात. आईच्या तपासणीचे वेगळे द्या.

आईबद्दल आशाच्या फॉर्मात ताप, स्राव, झटके, असंबद्ध बोलणं असे प्रश्न आहेत. झटका आणि असंबद्ध बोलणं म्हणजे घर पेटल्यानंतरचा धूर. त्याआधी विचारायला हवं: डोकं दुखतंय का? किती दिवसांपासून? रोज वाढतंय का? आडवं झाल्यावर जास्त दुखतं का? डोळ्यांना अंधूक दिसतं का, उलटी होते का, हातापायाला मुंग्या येतात का? मणक्यातल्या इंजेक्शनने दुखणारं डोकं बसलं-उठलं की वाढतं, आडवं झालं की थांबतं. शिरेत गाठ असेल तर बहुधा उलट होतं. माझी भाची तीन रात्री भिंतीला टेकून बसली होती. एवढं एक वाक्य मला प्रशिक्षणात कुणी शिकवलं असतं तर आठव्या दिवशीच्या त्या फोनवर मला कळलं असतं.

डॉक्टरांना माझी विनंती आहे, सरकारी आणि खासगी दोघांनाही. गरोदर बाईला तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली अशा अवस्थेत आणलं तर पोटात बाळ आहे म्हणून डोक्याचा सीटी नाकारू नका. डोक्याच्या सीटीत पोटातल्या बाळापर्यंत पोचणारा किरणांचा भाग नगण्य असतो, आणि आई गेली तर बाळाचंही काही उरत नाही. गुठळीमुळे पक्षाघात झाला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं आणि गरोदरपण हे त्याला सरसकट नाही म्हणायचं कारण नव्हे. बाळंतिणीच्या बाबतीत साधा सीटी ठीक आला म्हणून घरी पाठवू नका. शिरांचा स्कॅन वेगळा सांगावा लागतो. जिथे तो होत नाही तिथून वाटेत कुठेही न थांबवता जिथे होतो तिथेच पाठवा, आणि रुग्णवाहिका निघायच्या आधी पुढे फोन करा. भाचीला हेपरिन सुरू करताना माझ्या बहिणीने डॉक्टरांचा हात धरला होता. ओली बाळंतीण, रक्त पातळ करणारं औषध कसं द्यायचं? त्यांनी पाच मिनिटं बसून समजावलं की गाठीने तुंबलेल्या शिरेमुळे मेंदूत थोडं रक्त आलेलं असलं तरी हेच औषध लागतं आणि ते दुधात उतरत नाही. ती पाच मिनिटं मिळाली म्हणून बहिणीने सही केली.

हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या मुलींबद्दल दोनच वाक्यं. लहानपणी सांधेवाताचा ताप येऊन गेलेल्या आणि झडप अरुंद झालेल्या मुली आपल्याकडे अजून आहेत, त्यांच्या हृदयात गाठ होऊन ती मेंदूत जाते. नोंदणीच्या वेळीच दम लागतो का विचारून, छातीला स्टेथोस्कोप लावून त्या हेरल्या पाहिजेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मला एकटीला उत्तर सापडलेलं नाही. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, बाई सातव्या-आठव्या महिन्यात कोयता घेऊन निघते आणि बाळंतपण कारखान्याच्या तळावर किंवा जवळच्या दवाखान्यात होतं. गावची आशा गावात, तळावरच्या गावची आशा म्हणते ही आमच्या यादीत नाही. बाळंतीण दहाव्या दिवशी मोळ्या उचलते. तळावर महिन्यातून एकदा नव्हे, आठवड्यातून एकदा बीपी मशीन घेऊन कुणीतरी गेलंच पाहिजे. माहेरी आलेल्या पहिलटकरणीचीही थोडीफार हीच गत असते. नाव सासरच्या यादीत, बाई माहेरच्या खोलीत.

आज्यांना, आयांना मला रागावून बोलायचं नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेलाने मालीश, सव्वा महिन्याचा आराम, यात माया आहे आणि बरंचसं उपयोगाचंही आहे. फक्त पाणी तोडू नका. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान लागेल तेवढं पाणी द्या, उन्हाळ्यात तर नक्की. खोलीत हवा येऊ द्या. तिला आराम करू द्या, पण घरातल्या घरात चालूही द्या. आशाताई आल्या की हे सांगायला त्यांना दहा मिनिटं जास्त मिळावीत, एवढंच विभागाकडे मागणं.

आणि जगलेल्या बाईचं पुढचं आयुष्य. भाचीला सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा 40 किलोमीटर जावं लागायचं, तान्हं बाळ घेऊन. दोन महिन्यांत ते बंद पडलं. गावच्या आरोग्य केंद्रात तिला विचारपूस न करता माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं दिली गेली होती. त्या गोळीत इस्ट्रोजेन असतं, गाठ होऊन गेलेल्या बाईने ती घ्यायची नसते. तिच्यासाठी तांबी होती, पण तिच्या कागदावर गाठीबद्दल एक अक्षर नव्हतं. ज्यांचं गरोदरपणात बीपी वाढलं होतं त्यांना पुढे म्हातारपणी पक्षाघाताचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्यांचं बीपी वर्षाला एकदा तरी मोजलं गेलं पाहिजे, आणि पुढच्या खेपेला दिवस राहिले तर बाराव्या आठवड्यापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने लहान डोसची ॲस्पिरिन. हे सगळं कार्डावर लाल शाईने लिहिता येतं.

कार्डाचं शेवटी सांगते. माता बाल संरक्षण कार्डावर बाळंतपणानंतरचं एक पान आहे. पहिला दिवस, तिसरा, सातवा, सहावा आठवडा असे उभे रकाने, आणि आडव्या ओळींत तक्रार, नाडी, बीपी, ताप. म्हणजे मी जे मागते आहे ते छापलेलं आहे. कुणीतरी विचार करून छापलं आहे. आम्ही ते भरत नव्हतो, किंवा महिनाअखेरीला एकदम बसून सगळ्यांना 120 वर 80 लिहीत होतो. मीही लिहिलं आहे.

भाचीचं कार्ड मी मागून घेतलं, माझ्या कपाटात आहे. बाळाच्या वजनाचा आलेख टिंबाटिंबाने नीट काढलेला आहे. आईच्या पानावर पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाच्या नोंदी दवाखान्याच्या आहेत. सातव्या दिवशी आशा घरी आली होती, बाळाचं वजन त्या तारखेला 2 किलो 900 ग्रॅम लिहिलेलं आहे. त्याच तारखेच्या आईच्या रकान्यात काही नाही. तक्रार, कोरं. बीपी, कोरं.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका